नऊ अनारशांचे तेहतीस

माधव नगर, उज्जैन
रविवार, २४ मे

सुधाकरराव,

पत्र पाहून दचकू नका, सगळे जिवंत आहेत. हल्ली पत्र आलं की माणसं आधी हेच बघतात, म्हणून पहिल्या ओळीतच लिहून टाकलं. आता पंखा लावा, बसा आणि वाचा. फोन का नाही केला म्हणाल, तर फोनवर तुम्ही "बरं आहे आई, ठेवतो" म्हणता आणि खरंच ठेवता. मग मी काळा पडलेला फोन हातात घेऊन शेजारच्या विनोदिनीबाईंकडे बघत बसते आणि त्या माझ्याकडे. पत्र तुम्हाला ठेवता येणार नाही. म्हणजे येईल, पण मला दिसणार नाही.

माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. तिसरीपर्यंत शाळा, ती पण देवासला, आणि गुरुजी अर्धा वेळ झोपलेले. तुम्ही नागपुरात इतकी वर्षं पोरांना गणित शिकवता, पण इथे लाल पेन काढू नका.

बातमी अशी की मिनू आली आहे. तुमची मृण्मयी. इथल्या एका कॉलेजात तीन आठवडे गणिताची उन्हाळी शाळा आहे. मी म्हटलं, "अगं, एवढी शिकलीस, अजून शाळा बाकीच आहे?" तर म्हणते, "आजी, ही मोठ्यांची शाळा. सगळीकडून मुलं येऊन राहिलीत, शिकवणारे बाहेरच्या देशातले आहेत." आता बघा, इतकं शिकायचं, मग सुट्टीत परत शाळेत जायचं, आणि ते पण उज्जैनच्या मे महिन्यात, जेव्हा कुत्रीसुद्धा नालीतून बाहेर येत नाहीत! पण मी गप्प बसले. कारण हॉस्टेलची खोली मिळत असून ती म्हणाली, "मी आजीकडेच राहीन." त्या मिनिटापासून गणित माझं लाडकं झालं.

वाळली आहे पोर. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

आता खरं काम. अधिक महिना लागला आहे. मागच्या अधिकात तुम्ही आणि रजनी जोडीने आला होतात. तांब्याचं ताट, तेहतीस अनारसे, वर दिवा. रजनीने तुमचं लक्ष नाही बघून दोन पळवले, आणि तुम्ही मोजून म्हणालात, "आई, एकतीसच आहेत, हे वाण मला लागू नाही." ती हसून हसून खालीच बसली होती. त्यानंतरच्या थंडीत ती गेली, आणि तुम्ही या घराची पायरी चढला नाहीत. मी काही म्हटलं नाही. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं असतं, आणि मला जावई एकच आहे. मिनूची शाळा तेरा जूनच्या शनिवारी संपते, तेव्हा या.

तुम्ही तिच्याशी बोलत नाही हे मला माहीत आहे. बँकेतली नोकरी सोडून ती पुण्याला गणित शिकायला गेली, त्या दिवसापासून. मी त्यात पडत नाही. मी फक्त जेवायला बोलवते आहे.

रजनीची आई

बुधवार, २७ मे, एकादशी

सुधाकरराव,

साबुदाण्याची खिचडी झाली, भांडी तशीच पडली आहेत, पण तुम्हाला शाळा दाखवायची घाई आहे.

काल मी जाऊन आले. मिनू डबा विसरली. विसरली म्हणजे मीच मुद्दाम उशिरा भरला, मला बघायचं होतं. ई-रिक्षावाल्याने अख्खं गाव फिरवून नेलं. सिंहस्थाच्या नावाने जिकडे बघाल तिकडे खोदून ठेवलं आहे. मी म्हटलं, "भैया, सीधा रस्ता नहीं है क्या?" तर म्हणतो, "माताजी, सीधा तो दो साल बाद मिलेगा."

वर्गात एसी होता. डबा देऊन दोन मिनिटं टेकावं म्हटलं, ती तास संपेपर्यंत टेकले. कोणी उठवलं नाही. जर्मनीच्या एक मॅडम शिकवत होत्या, केस पांढरे, पायात चपला अशा की माझ्या पायात शोभतील. फळ्यावर सरळ काड्या काढत होत्या, एकीला दुसरी चिकटलेली, टोकं चारी दिशांना पळालेली. माझ्या शेजारी मिनूची मैत्रीण दुर्गा होती. ती केरळची. हिंदी अशी बोलते की वाक्यात क्रियापद सापडलं तर आपलं नशीब. मी विचारलं, "बेटा, ये क्या है?" म्हणाली, "आजी, ये टेढ़ा लकीर." आता माझ्या चष्म्याचा नंबर मोठा आहे, पण इतकाही नाही. चांगल्या सरळ होत्या.

घरी आल्यावर मिनूला धरलं. आम्ही गच्चीवर कुरडया उलटत होतो. (या वेळी माकडांनी एक अख्खं कापड नेलं. कुरडयांसकट. असो.) ती म्हणाली, "हे बघ आजी, कुरडई ओली असते तेव्हा हाताला सापडत नाही. वाळली की कडक, उचलून मोजून घे. तशा आम्ही वाकड्या रेघा वाळवतो. वाळल्या की नुसती हाडं उरतात, ती सरळ. मग मोजायची."

"आणि वाळल्यावर तेवढ्याच भरतात? कमी नाही होत?"

"तीच तर जादू आहे! नीट मोजलं तर तेवढ्याच."

पुढे ती म्हणाली की यांच्या गणितात दोन आकडे मिळवायचे म्हणजे त्यातला लहान घ्यायचा. दोन आणि तीन, उत्तर दोन. मी म्हटलं, बाई गं, अशी शाळा आमच्या वेळी असती तर मी पास झाले असते! ती म्हणाली, "हसू नको. इथून राम घाटाला जायला दोन रस्ते असले तर जवळचा घेतेस ना? ते मिळवणं. आणि घाटावरून पुढे नानाखेड्याला जायचं तर दोन्ही अंतरं एकापुढे एक लावतेस ना? तो गुणाकार." मला समजलं की हो, सुधाकरराव! तुम्ही शिकवलंत म्हणून पटकन समजतं तिला, आणि समजावता पण येतं. तीच म्हणाली, "दोन ठिपक्यांतून एकच सरळ रेघ जाते, हे बाबांनी मला अंगणात खडूने शिकवलं. मी साडेचार वर्षांची होते. बाकी सगळं त्याच्या पुढचं आहे." मी न विचारता म्हणाली.

या गणिताचं नाव ट्रॉपिकल. विनोदिनीबाईंचं म्हणणं, ट्रॉपिकल म्हणजे गरम मुलखाचं, म्हणून मे महिन्यात ठेवलं. मिनू म्हणते, ब्राझीलच्या एका गणितवाल्याच्या मानासाठी ते नाव दिलं. विनोदिनीबाईंना पटलं नाही. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात होते, त्यामुळे त्यांना पटवणं कठीण.

तांदूळ भिजत घालायला अजून वेळ आहे. येणार ना?

रजनीची आई

मंगळवार, २ जून

सुधाकरराव,

तुमचा फोन आला! तुम्ही म्हणालात, "पत्रं मिळाली." मी म्हटलं, "हो." तुम्ही म्हणालात, "तुमची तबीयत?" मी म्हटलं, "ठीक." आणि मग एकदम, "ती उन्हात टोपी घालते का?" आणि ठेवलात.

घालत नाही. ओढणी बांधते डोक्याला, आमच्या इथल्या स्कूटीवाल्या मुलींसारखी, नुसते डोळे दिसतात. कांदा ठेवते जवळ, मी ठेवायला लावते.

मिनूने विचारलं, कोणाचा फोन. मी म्हटलं, गॅसवाल्याचा. ती म्हणाली, "गॅसवाल्याने तुला रडवलं?" आणि आत निघून गेली. रात्रीच्या वरणात मीठ तिने दोनदा घातलं, मी मुकाट्याने खाल्लं.

आता एक अडचण सांगते. विनोदिनीबाई म्हणाल्या, "अधिकाचं वाण लक्ष्मी-नारायणाचं असतं, जोडीला देतात. लेक नाही, मग जावयाला कसलं वाण?" असं तोंडावर बोलल्या! मला रात्रभर झोप नाही. सकाळी मिनूला घेऊन राम घाटावर गेले, आमच्या नेहमीच्या गुरुजींकडे. ते यजमानांच्या गर्दीत होते, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात दर्भ. मी विचारलं. ते म्हणाले, "माताजी, बेटी गई तो क्या रिश्ता भी क्षिप्राजी में बह गया? दामाद तो दामाद है. बाजू में पाट रखो, पाट पे सुपारी रखो. सुपारी ही बिटिया."

मिनू घाटाच्या पायऱ्या चढताना म्हणाली, "आजी, आमच्यातही असंच करतात. जे हाताला लागत नाही त्याच्या जागी काहीतरी सोपं ठेवायचं, आणि हिशोब तोच येतो." नंतर नाक पुसलं. उन्हाने डोळ्यात पाणी येतं म्हणाली.

तिचं काम पण सांगते. शेवटच्या दिवशी तिला फळ्यापाशी उभं राहून बोलायचं आहे. आठ ठिपके दिले आहेत. एका जातीच्या वाकड्या रेघा असतात, ज्या एकदा स्वतःच्याच अंगावरून जातात, ओढणीला पीळ पडतो तशा. या आठही ठिपक्यांतून जाणाऱ्या तशा रेघा किती? पुस्तकात म्हणतात बारा. मिनू घरभर वर्तमानपत्रं पसरून काड्यांची चित्रं काढते. जिथे काड्या भेटतात तिथे सगळीकडून ओढ सारखी झाली पाहिजे, एकीकडे जास्त ओढली गेली की ते चित्र बाद. मी सगळी मोजली. नऊच आहेत. मी म्हटलं, "तीन कुठे गेली? माकडांनी नेली?" म्हणाली, "ते भाषणात सांगीन."

मला तर वाटतं तीन सापडलीच नाहीत. तुम्ही येऊन बघा.

रजनीची आई

शनिवार, ६ जून

सुधाकरराव,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. आज लिहिते, नाहीतर उशीर होईल.

त्या जर्मनीच्या मॅडमनी मिनूला विचारलं आहे, आमच्याकडे ये, चार वर्षं राहा, पुढचं शिक्षण आमच्याकडे कर. मागच्या आठवड्यातच विचारलं. मॅडम परवा घरी आल्या होत्या. पोह्यांवर आमचा तिखट जिरावन मसाला घालून तीन बशा खाल्ल्या, कपाळाला घाम, तरी बशी पुढे. मिनूच्या डोक्यावर हात ठेवून माझ्याशी काहीतरी बोलल्या. दुर्गाने सांगितलं, "मॅडम बोलता, ऐसा लड़की बहुत साल में एक." आता दुर्गाच्या हिंदीत कमी-जास्त झालं असेल, पण हात मी बघितला. आपल्या मुलीच्या डोक्यावर ठेवतात तसा ठेवला होता.

आणि तुमची मिनू नाही म्हणणार आहे.

मी चोरून ऐकलं नाही. स्वयंपाकघर माझं आहे, मी कैऱ्या किसत होते, त्या दोघी ओट्याशी होत्या, त्यांना वाटलं मला कमी ऐकू येतं. कधी कधी येतं. दुर्गा तिच्यावर भडकली होती. "तुम पागल! क्यों नो बोलता?" मिनू म्हणाली, "बाबा अकेले हैं. पुणे गई तो दो साल से बात नहीं की. इतना दूर गई तो फिर कभी नहीं करेंगे. माँ भी नहीं है, बाबा भी नहीं रहेंगे. फिर मैं बारह गिनूँ या सौ, बताऊँगी किसको?"

मी कैरीबरोबर बोट किसलं. जास्त नाही.

सुधाकरराव, तुम्ही का रागावलात ते मी जाणते. आईविना पोर, तिच्या हाताशी पक्की नोकरी असावी, आपल्या मागे तिचं काय. आणि तुम्हाला स्वतःला एम.एस्सी. करायचं होतं, घरच्यांसाठी मास्तरकी धरलीत, हे रजनीने मला सांगितलं होतं. तुम्ही कधी बोलला नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे की या वाटेवर पाय घसरतो. पण तिला वाटतं तुम्हाला ती नकोशी झाली. आणि तुम्हाला वाटतं तिला तुमची गरज उरली नाही. दोघं आपापल्या टोकाला ताणून बसला आहात.

मॅडम चौदा तारखेला, रविवारी संध्याकाळी निघतात. त्याआधी हो की नाही सांगायचं आहे. तिचं भाषण शनिवारी सकाळी अकराला.

मी तिला सांगितलेलं नाही की तुम्हाला लिहिते. स्पीड पोस्टाने टाकते आहे. इंदूरहून बस मिळते, नानाखेड्याला उतरा.

रजनीची आई

गुरुवार, ११ जून, एकादशी

सुधाकरराव,

उत्तर नाही. फोन नाही. पोस्टातला मुलगा मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "अम्मा, परसों पहुँच गया, साइन भी है." म्हणजे वाचलंत.

ठीक आहे. नका येऊ.

अनारसे पण तुमच्याच बाजूचे निघाले. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, सावलीत वाळवले, कांडले, चाळले. गूळ घालून मळलं आणि आंघोळीला गेले. मिनूने ओट्यावर किसलेला गूळ बघितला, तो मी पन्ह्यासाठी ठेवला होता. तिला वाटलं आजी विसरली. तिने तो पण घातला, छान मळून डबा बंद केला, आणि आजीला परेशान कशाला करा म्हणून सांगितलं नाही. मी डबा उघडला तेव्हा पीठ सैल दिसलं, पण मला वाटलं गरमी आहे. आज पहिला अनारसा तुपात सोडला, हसला, म्हणजे फुटून पसरला. दुसरा, हसला. तिसरा तर तुपात पडल्या पडल्या विरघळून सगळी कढई काळी. जावयाच्या वाणाचे अनारसे असे हसलेले मी माझ्या आयुष्यात बघितले नव्हते.

मूठभर कोरडं पीठ बाजूला राखलं होतं, ते मिसळून सावरलं. कसेबसे आठ झाले. मग थोडं पीठ उरलं, असेल पाच अनारशांचं, त्याचा मी रागारागाने एकच थापला, भाकरीसारखा जाड. तो टिकला. एकूण नऊ. नवांचं वाण कोणी देत नाही. मिनू कोपऱ्यात उभी राहून "सॉरी आजी, सॉरी आजी" करत होती, आणि मी तिच्यावर नाही, तुमच्यावर रागावले होते.

रजनी असती तर कान धरून आणलं असतं तिने तुम्हाला. तुम्ही पोरीला आईविना म्हणता. आईविना देवाने केलं तिला. बापाविना तुम्ही केलंत.

नका येऊ. नऊही अनारसे मी खाईन.

रजनीची आई

रविवार, १४ जून, दुपार

सुधाकरराव,

तुम्ही आतल्या खोलीत कूलरसमोर घोरता आहात आणि मी इकडे तुम्हाला पत्र लिहिते आहे. सवय लागली. शिवाय तुमच्यासमोर मला एवढं बोलता येत नाही, जावई आहात.

आधी एक महत्त्वाचं. गुरुवारी मी एक पत्र टाकलं आहे. तुम्ही निघालात शुक्रवारी, म्हणजे ते तुमच्या दाराच्या आत पडलं असेल. ते वाचू नका. फाडा. अनारशांचं तेवढं वाचा हवं तर, पण त्याच्या खालचं नको. मला काय माहीत तुम्ही तिकीट काढून बसला आहात? सांगायला काय झालं होतं? एक "येतो" म्हणायला?

काल तुम्ही वर्गात आलात ते मिनूने बघितलं नव्हतं, ती फळ्याकडे तोंड करून होती. मी बघितलं. तुम्ही सरळ नानाखेड्याहून आलात, हातात बॅग, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, दाराजवळच्या खुर्चीत अर्धे बसलात, उठून जायची सोय ठेवून. मी दुर्गाला कोपर मारलं. ती म्हणाली, "आजी, ये कौन?" मी म्हटलं, "चुप, इसका बाप." ती बिचारी माझा हातच धरून बसली.

भाषण इंग्रजीत, मला काय समजणार. पण चित्रं सगळी ओळखीची, माझ्याच फरशीवर काढलेली. शेवटी मॅडमनी विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का. आणि तुम्ही शाळेतल्या पोरासारखं एक बोट वर केलंत.

तुम्हाला तुमचा आवाज ठाऊक नसेल, म्हणून सांगते. थरथरत होता. पण शब्द मास्तरांचे होते, आणि मराठीत. "चित्रं नऊ आहेत. मी मोजली. तू बारा म्हणतेस. तीन कुठून आली?"

तिच्या हातातला खडू मोडला. मला वाटलं, संपलं, आता रडते. रडली नाही. फळ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, नववं चित्र परत बघा. त्यातली एक रेघ दुहेरी आहे."

"बरं. मग ते चित्र दोनदा मोज. दहा झाली."

"नाही बाबा. रेघेला दोन टोकं असतात. दोन्ही टोकांना दोन-दोन धरायचे. दोन दुणे चार."

तुम्ही वर छताकडे बघितलंत, ओठ हलले. "आठ आणि चार."

"बारा."

"पटलं," म्हणालात आणि खाली बसलात. या वेळी खुर्चीत पूर्ण बसलात. वर्गात निम्म्या लोकांना मराठी येत नव्हतं, तरी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी सगळ्यांत जास्त.

नंतर बाहेर कडुलिंबाखाली तुम्ही दोघं काय बोललात ते मला माहीत नाही. मी दुर्गाला घेऊन मुद्दाम पाण्याच्या टाकीकडे गेले. ती पुन्हा पुन्हा वळून बघत होती, मी तिची वेणी ओढली. मी फक्त एकदा बघितलं. तुम्ही तिची ओढणी डोक्यावर नीट करत होता.

आणि आजचं. मी ताट वाढलं, तुमच्या बाजूला पाट मांडला, पाटावर सुपारी ठेवली. विनोदिनीबाई दारात उभ्या, दरबारी चेहरा करून. वाणाचं ताट पुढे केलं तेव्हा मला वर बघवेना. मी म्हटलं, "सुधाकरराव, माफ करा, यंदा तेहतीस नाहीत. नऊच आहेत." मागच्या अधिकात दोन कमी झाले तर तुम्ही वाण परत करत होतात, ते मला आठवत होतं. तुम्हाला पण आठवलं असणार, कारण तुम्ही सुपारीकडे बघितलंत. मग ताटातले मोजायला लागलात. मोठ्यापाशी थांबलात.

"आई, हा जाड का?"

"पाचांचं पीठ आहे त्यात. रागात थापला."

मिनूने एकदम मान वर केली. ती तुमच्याकडे बघत राहिली. परीक्षेत पोराकडे बघतात तसं.

तुम्ही म्हणालात, "दोन्ही टोकांना पाच-पाच. पाच पंचे पंचवीस. आणि हे आठ." आणि ताट दोन्ही हातांनी कपाळाला लावलंत. "तेहतीस. पूर्ण आहेत, आई."

"बाबा, फुल मार्क्स!" मिनू ओरडली. विनोदिनीबाई म्हणाल्या, "हे कुठल्या शास्त्रात आहे?" तुम्ही म्हणालात, "हिच्या." बाई गेल्या की हो निघून! पण जाताना हसत होत्या, मी बघितलं.

तो मोठा अनारसा आतून कच्चा होता. मला माहीत आहे, तुम्ही सांगितलं नाहीत तरी. तुम्ही एका टोकाने खाल्लात आणि ती दुसऱ्या टोकाने, आणि दोघांपैकी एकानेही तोंड वाकडं केलं नाही.

हात धुताना तुम्ही तिला विचारलंत, "तिकडे रविवारी सुट्टी असते ना?"

"असते, बाबा."

"मग रविवारी मी फोन करीन. तू करायचा नाहीस. मी करीन."

आता ती दुर्गाच्या मागे स्कूटीवर बसून हॉस्टेलला गेली आहे, मॅडमना हो सांगायला. फोनवर सांगता आलं असतं, पण म्हणाली, तोंडाने सांगते. ओढणी बांधून गेली आहे. कांदा पण नेला आहे.

हे पत्र मी तुमच्या डब्यात ठेवते, उरलेल्या आठ अनारशांवर. कागदाला तूप लागेल, लागू द्या. नागपूरला पोचल्यावर वाचा आणि उत्तर पाठवा, चार ओळी तरी. रविवार सोडून दुसऱ्या कुठल्याही दिवशी फोन केलात तरी चालेल.

आणखी एक. जेवून उठताना तुम्ही सगळ्यांची नजर चुकवून पाटावरची सुपारी खिशात टाकलीत. गुरुजींनी ती क्षिप्रेत सोडायला सांगितली होती. मी काही बघितलं नाही. असू द्या खिशात.

खाट वाजली, उठलात वाटतं. चहा टाकते.

रजनीची आई